जबाबाआधीची सहल

७ जुलै, सोमवार

बोर्डावर नोटीस लागली. वर्षासहल, रविवार दि. २०. विक्रमगडच्या पुढे जंगलातली पायवाट, तीन धबधबे, पोहायला डोह, बरोबर गावचे वाटाडे. नाश्ता-जेवण कंपनीचं. खाली एच.आर.च्या पाटणकरांची सही.

बावीस वर्षांत कंपनीनं आम्हाला कुठे नेलं असेल तर जेवणाच्या हॉलमध्ये. आता एकदम जंगल.

दुपारी पाटणकरांनीच बोलावलं. २८ ला पालघरच्या कामगार कचेरीत माझा जबाब आहे, वनिताच्या भरपाईच्या प्रकरणात. "काही नाही शिंदे मॅडम, दोन वर्षांपूर्वी लिहून दिलंय तेच वाचायचं. पाच मिनिटं."

पाच मिनिटं. लिहायलाही तेवढीच लागली होती.


९ जुलै, बुधवार

झोप नीट नाही. एकदा इथे तरी खरं लिहून ठेवते, म्हणजे डोक्यातून जाईल. (जाणार नाही.)

वनिता आमच्या लॅबमध्ये साफसफाईला होती, ठेकेदाराकडून. सॅम्पल रूममध्ये कॉस्टिक सोड्याची बाटली फुटली. मीच म्हटलं, "वनिता, पटकन पुसून घे, ऑडिटवाले येतायत." तिनं फडकं पिळलं आणि डोळ्यात उडालं. डावा डोळा गेला.

मी लिहून दिलं: 'सेफ्टी गॉगल दिले होते, कामगाराने वापरले नाहीत.' गॉगल नव्हतेच. महिनाभर नव्हते.

पाटणकरांनी मजकूर सांगितला, मी लिहिला. अक्षर माझं आहे. मजकूर त्यांचा म्हणून काय फरक पडतो?


१२ जुलै, शनिवार

सहलीला नाव दिलं. यायचंच आहे असं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं गेलंय. मी गुडघ्याचं कारण काढलं तर पाटणकर म्हणाले, "अहो, तुमच्यासाठी स्पेशल वाटाड्या ठेवतो, हळूहळू चला." एवढी काळजी यांना कधीपासून?

ह्यांना सांगितलं. ह्यांची फॅक्टरी बंद पडल्यापासून घरचं सगळं हेच बघतात. म्हणाले, "जाऊन ये, हवा बदलेल." बेटेगावात आमच्या गॅलरीत सकाळी कारखान्यांचा कसला वास येतो ते ह्यांनाच विचारावं. हवा बदलायला जंगलच लागेल.


२० जुलै, रविवार

संध्याकाळी साडेसहाला घरी. अंग ठणकतंय. क्रमानं लिहिते.

सकाळी सहाला बस. चिल्हार, मनोर, मग विक्रमगडचा रस्ता. भातलावणी चाललेली, बायका ओणव्या. मागच्या सीटवरची मुलं गाणी म्हणत होती. पाड्यावर उतरलो तर तिघं वाटाडे उभे, दोन पुरुष आणि एक बाई. लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्याला प्लॅस्टिकची खोळ, हातात काठी.

वनिता.

माझे पाय बसच्या शेवटच्या पायरीवरच थांबले. मागून कुणीतरी म्हणालं, "उतरा ना मॅडम."

तिनं सगळ्यांना सांगायचं ते सांगितलं. "रांगेत चालायचं. झाडाला उगा हात लावायचा नाय. खालच्या डोहात उतरा, वरच्यात कुणी जायचं नाय. आमी हाक दिली का लगेच भायेर यायचं, मग कारण इचारायचं." आवाज खणखणीत. लॅबमध्ये दोन शब्दांवर कधी बोलली नव्हती. का मीच ऐकलं नव्हतं?

पाटणकर तिच्याजवळ जाऊन म्हणाले, "ह्या मॅडमचा गुडघा दुखतो. ह्यांना दिवसभर तूच बघ." ती माझ्याकडे वळली. तो डोळा पांढरा झालाय, आणि थोडा बारीक. "चला मॅडम," म्हणाली. जसं काही मी कालच ड्यूटीवर भेटले होते.

बाकीचे पुढे गेले. आम्ही दोघी मागे. वाट ओढ्याच्या कडेनं, चिखल, मग दगड. सागाची पानं हाताएवढी, त्यावरून पाणी टपटपत होतं. बांबूच्या बेटात एवढा अंधार की चष्मा काढून पुसला, मग कळलं चष्मा स्वच्छच आहे. दगडादगडावर शेवाळ, तेही पाच-सहा तऱ्हेचं हिरवं. कुठलं झाड कुठलं ते तिनं विचारल्याशिवाय सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

ओढा ओलांडताना तिनं हात पुढे केला. मी धरला. काय करणार?

"गुडगा कदीपासनं दुखतो?"

"झाली तीन वर्षं."

"माज्या डोळ्याला दोन झाली."

पहिला धबधबा गेला, छोटाच. दुसऱ्याजवळ सगळे फोटो काढत होते. ती लांब दगडावर बसली, मीही बसले. तिनं पिशवीतून भाकरी काढली, अर्धी मला दिली. नको म्हणायचं होतं, घेतली.

"तारखेला याल ना तुमी?"

"यावंच लागेल."

"काय सांगाल?"

मी घास चावत राहिले. तिनं पुन्हा विचारलं नाही. माझ्या हातातल्या भाकरीकडे बघितलं, मग पाण्याकडे.

मीच काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "एवढ्या दगडांवरून तू बरी चालतेस."

"हितला दगड न दगड पायाला ठावं हाय, लहान होते तवापासनं. आन् काठी हाय. पन बाजारात गेले का पायरी चुकते. खोली कळत नाय एका डोळ्यानं. चहा वतते तर कपाच्या भायेर." हसली. "लावनीला रोप पन दूर पडतंय. म्हनून हे वाटाड्याचं काम धरलं."

मोठ्या धबधब्याखाली डोह. खरंच सुंदर, खोटं कशाला लिहू. पाणी एवढं नितळ की तळाचे गोटे मोजावेत. दहा-बारा जण उतरले. पाटणकर बनियनवर, गळ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात मोबाईल. अकाउंट्सची स्नेहल पलीकडच्या खडकावर जाऊन बसली. मी काठावर पाय सोडून. गुडघ्याला गार लागलं, बरं वाटलं. क्षणभर वाटलं, काहीच झालेलं नाही. कधीच काही झालं नव्हतं.

वनिता उभी राहिली. वर बघत होती. मला काहीच दिसलं नाही. तेवढ्यात ओरडली, "भायेर! समदी भायेर!"

"अगं, आत्ता तर उतरलो," कुणीतरी म्हणालं.

पाण्यावरून काड्या, पाला यायला लागला. मग रंग बदलला, चहासारखा. वर कुठेतरी जोरात झालेला पाऊस. दोघं पुरुष वाटाडे एकेकाला ओढून काढत होते. पाटणकर आधीच वर. स्नेहल पलीकडे अडकलेली, उभीच राहीना, नुसती "आई आई" करत होती. वनिता काठी टाकून पळाली. अनवाणी, या दगडावरून त्या दगडावर. स्नेहलच्या दंडाला धरलं, चापट मारली एक, आणि ओढत आणली. त्या वर पोचल्या आणि ज्या खडकावर स्नेहल बसली होती तो दिसेनासा झाला.

कुणी रडलं, कुणी हसलं. जेवताना सगळे वनितालाच वाढत होते. पाटणकर म्हणाले, "वा! कमाल आहे तुझी." मोबाईल अजून हातातच.

निघताना कुणाची तरी छत्री पाड्यावर राहिली होती, ती द्यायला वनिता बसमध्ये चढली. पायरी चुकली. नडगीवर आपटली, रक्त आलं. दोन-तीन जण हसले. आपल्या बसची पायरी, सपाट, कोरडी. ती म्हणाली, "काय नाय, काय नाय," आणि छत्री देऊन उतरली.

तेव्हा कुणी मोबाईल काढला नाही.


२१ जुलै, सोमवार

सकाळी अकराला पाटणकरांची केबिन. वकीलही होते. मोबाईल माझ्यासमोर धरला. वनिता दगडांवरून पळतेय. मागे स्नेहलचं ओरडणं.

"बघा मॅडम. ही म्हणते खोली कळत नाही, काम होत नाही. आणि इथे बघा!"

"स्नेहलला वाचवलं तिनं त्यात."

"तेच तर! दिसतं म्हणून वाचवलं."

वकील म्हणाले, तुमच्या जबाबात दोन ओळी वाढवू. तुम्ही दिवसभर तिच्या सोबत होतात, तिला चालताना काहीही अडचण आली नाही, एवढंच.

मी विचारलं, ती तिथे वाटाड्या आहे हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं? पाटणकर हसले. "मे महिन्यातच सापडली. त्या गावच्या लोकांनी नेटवर फोटो टाकलेत ना."

म्हणजे सहल. नाश्ता, जेवण, स्पेशल वाटाड्या, माझा गुडघा. सगळं. चाळीस माणसं नाचवली एका बाईचं चालणं टिपायला. आणि पाण्यानं त्यांना हवं होतं त्यापेक्षा जास्तच दिलं.

मी बसच्या पायरीचं सांगितलं. वकिलांनी पेन बंद केलं. "ते कुणी पाहिलं?"

मी, म्हटलं.

"ते लिहायची गरज नाही."


२४ जुलै, गुरुवार

स्नेहल लॅबच्या दाराशी आली. दंडावर बोटांचे वळ अजून आहेत, निळे. म्हणाली, "मॅडम, त्या वनिताताईंना फोन करून थँक्यू म्हणायचंय. त्या आधी इथेच होत्या म्हणे. तुमच्याकडे नंबर असेल?"

नाही म्हटलं.

आहे. 'वनिता सफाई' असा सेव्ह केलेला आहे. का नाही म्हटलं माहीत नाही. दोघी बोलल्या तर काय होईल याची भीती? एवढी छोटी भीती. लिहिताना लाज वाटतेय.


२६ जुलै, शनिवार

आज स्टोअरमध्ये गेले. दोन वर्षांपूर्वीचं मागणीचं रजिस्टर मागितलं, फिल्टर पेपरचं निमित्त सांगून. स्टोअरवाल्यानं मान वर न करता कपाट दाखवलं.

पान आहे. माझ्याच अक्षरात: सेफ्टी गॉगल, ६ नग, तातडीचे. शेजारी लाल शाईत: शिल्लक नाही. तारीख अपघाताच्या चार दिवस आधीची.

मला वाटलं होतं पान फाडलेलं असेल. कुणी कशाला फाडेल? हे पान आहे, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नाही. पाटणकर तेव्हा विचारतच बसले नाहीत. त्यांना माझी खात्री होती.

आमचे मोबाईल गेटवरच जमा असतात. फोटो निघाला नाही. निघाला असता तर काढला असता का? रजिस्टर जागेवर ठेवलं. आले.


२७ जुलै, रविवार

ह्यांना सगळं सांगितलं. भाजी निवडत होते, थांबले नाहीत. मी म्हटलं, खरं बोलले तर नोकरी जाईल. दोघंही घरी बसू.

"हो."

"आणि नाही बोलले तर..."

"मला काय विचारतेस?" म्हणाले. "ते लिहून दिलंस तेव्हा विचारलं होतंस?"

मी देठं गोळा करायला लागले.

"विचारलं असतंस तर लिही म्हटलं असतं. तेव्हा माझीही नोकरी होती, तरी म्हटलं असतं." मग थोड्या वेळानं, "ह्यात डाळ घालू का नुसती परतू?"

परता म्हटलं. रागावले का तेही कळलं नाही. जेवताना नेहमीसारखं बोलले, शेजाऱ्यांच्या पाण्याच्या टाकीबद्दल.

उद्या काय बोलणार ते ठरवून झोपायचं असं ठरवलंय. ठरत नाही.


२८ जुलै, सोमवार

कंपनीची गाडी. पुढे वकील, मागे पाटणकर आणि मी. माझ्या मांडीवर टाईप केलेला जबाब, नव्या दोन ओळींसकट. सही आत गेल्यावर करायची होती.

वनिता आधीच येऊन बसली होती. दोन एस.ट्या बदलून आली असणार. लावणीचे दिवस, खाडा करून. कोरं लुगडं, कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत. नडगीवरची खपली दिसत होती. बाक एकच. तिच्या आणि माझ्यामध्ये पाटणकर बसले.

दहा. साडेदहा. पाटणकर फोनवर बाहेर गेले. मध्ये मोकळी जागा. सरकावं असं वाटलं. ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. मनात वाक्य जुळवत होते, 'गॉगल नव्हते, पुसायला मीच सांगितलं.' पाचच शब्द. पहिलाच शब्द सरकेना.

शिपाई आला. साहेब रजेवर आहेत. पुढची तारीख ८ सप्टेंबर.

सुटले. असं वाटलं. आधी तेच वाटलं, दुसरं काही नाही. छातीवरून काहीतरी उतरल्यासारखं. सहा आठवडे मिळाले.

वनिता उठली. पिशवीला गाठ मारली. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"तुमी हसलात मॅडम."

"नाही गं."

"हसलात."

रागावून नाही म्हणाली. मग दारापर्यंत गेली, उंबऱ्याशी थांबली, आधी पायानं चाचपलं, मग उतरली. एस.टी. स्टँडच्या बाजूला गेली.

पाटणकर परत आले, म्हणाले, "बरं झालं, आता तयारीला वेळ आहे." जबाबाचा कागद परत मागितला. मी दिला नाही. पर्समध्ये आहे म्हटलं, घरी नीट वाचते. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

कागद आत्ता समोर आहे. सही केलेली नाही. फाडलेलाही नाही.