गॅलनला पन्नास

१४ ऑक्टोबर, शनिवार, दुपार
स्क्रू डोळ्यात पडला. गाडीखाली पाठीवर झोपून एका हाताने पाटी धरायची, दुसऱ्याने स्क्रू पिळायचा. डोळे चोळायला हात उरत नाही. पण पाटी बसली. गाडीचं पोट सपाट असलं की खालून वारा सरळ निघून जातो. ॲव्हरेज वाढतं.

पाट्या मर्नाच्या आहेत. ती शाळा मंडळाच्या निवडणुकीला उभी आहे. 'मर्ना फॉस – आपल्या शाळेसाठी.' हलकं, न भिजणारं प्लास्टिक, जाडी अगदी हवी तेवढी. गावाच्या उत्तर भागातल्या अंगणांत त्या रोवायचं काम तिने माझ्याकडे दिलंय. नवरा भरवशाचा आहे म्हणून.

चारच घेतल्या. बाकीच्या उद्या रोवायच्या. नक्की.

सध्या गॅलनला अडतीस मैल. लक्ष्य पन्नास.

१७ ऑक्टोबर
पोट पूर्ण झाकलं. अकरा पाट्या लागल्या. एक्केचाळीस! (वारा पाठीमागून होता. तरीही.)

मर्नाने विचारलं, पाट्या लागल्या का. म्हणालो, बऱ्याचशा लागल्या, अगदी जमिनीलगत. यात खोटं काही नाही. शिवाय गाडी जिथे जाते तिथे प्रचार होतोच, फक्त पाट्यांचं तोंड रस्त्याकडे आहे.

२१ ऑक्टोबर
पुढची डावी सीट माझी, ती ठेवली. उजवी काढली. वजन घटलं. मर्ना आता मागे बसेल. मोठी माणसं मागेच बसतात, हे तिला सांगितलं. तिने मागचं दार उघडून पाहिलं. पटलं असावं.

दारोदार प्रचाराला मात्र ती तिच्या भावाच्या, ड्वेनच्या ट्रकमधून गेली. त्याचा ट्रक गॅलनला चौदा देतो. मी त्याला आकडेवारी समजावून सांगितली. तो म्हणाला, आर्लन, बायको पण उतरली की रे तुझ्या गाडीतून, आता तर हवेत उडेल ती.

हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. त्रेचाळीस.

२६ ऑक्टोबर, रात्री
आज शाळेच्या जिममध्ये उमेदवारांची जाहीर चर्चा होती. मर्नाला मीच नेलं. हायवेवर मक्याचा एक भरलेला ट्रक मिळाला. नशीब! अशा ट्रकच्या मागे चिकटून राहिलं की वारा तो अंगावर घेतो, आपण फुकटात जातो. मर्ना म्हणाली, आर्लन, वळायचं राहिलं. म्हणालो, पुढून वळू. मग म्हणाली, आर्लन, हा कुठे चाललाय?

तो धान्याच्या कोठारात चालला होता. आम्ही वजनकाट्याच्या रांगेत. पुढे ट्रक, मागे तीन ट्रक. काट्यावरच्या माणसाने विचारलं, मका की सोयाबीन? मर्नाने मागून सांगितलं, उमेदवार.

पोचलो तेव्हा खुर्च्या आवरत होते. तिचा प्रतिस्पर्धी कॉर्डिक दोघांच्या वाटचं बोलून घेऊन निघाला होता.

जमेची बाजू: गाडीचं वजन फुकटात कळलं.

२ नोव्हेंबर
सत्तेचाळीस! आता शेपूट. गाडीचा मागचा भाग निमुळता केला की वारा मागे घोटाळत नाही. उरलेल्या सगळ्या पाट्या लागल्या.

मर्ना गॅरेजमध्ये आली. शेपटीवर सगळीकडे तिचंच नाव, काही ठिकाणी अर्धं. बराच वेळ वाचत उभी राहिली. मग पायरीवर बसली. म्हणाली, उत्तरेकडे दार उघडणारा प्रत्येक जण विचारतो, तुम्ही कोण? मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय.

म्हणालो, मर्ना, नऊ मैल वाढले.

तिने विचारलं, मत तरी देशील ना? हा काय प्रश्न झाला!

७ नोव्हेंबर, मंगळवार
मतदान. केंद्र घरापासून पाच गल्ल्या. पण थंड इंजिन एवढ्याशासाठी चालू केलं की आठवडाभराचं ॲव्हरेज मातीत जातं. चालत जावं, तर गाडीखाली झोपून गुडघा धरलाय. योजना: ऑफिसातून परतताना, गरम इंजिनावर.

सातला सुटलो. गावात शिरताना डॅशबोर्डवर आकडा एकोणपन्नास पूर्णांक आठ. अशा वेळी गाडी थांबवणं मला जमलं नाही. तसाच पुढे नदीच्या पुलापर्यंत गेलो. उतारावर इंजिन बंद केलं.

पन्नास!!

फोटो काढला. केंद्रावर आलो तर आठ वाजून गेलेले, दार बंद. आतून एका बाईंनी हात हलवला. मीही हलवला.

८ नोव्हेंबर
मर्ना आणि कॉर्डिक, दोघांना समान मतं. काय चुरशीची लढत! मर्नाला म्हणालो, पाट्यांशिवाय एवढं केलंस. ड्वेनने विचारलं, मत दिल्याचा स्टिकर कुठाय तुझ्या कोटावर? म्हणालो, वाऱ्याला अडथळा होतो. तो हसला नाही.

एका मताने तसा काय फरक पडतो.

१४ नोव्हेंबर
चिठ्ठी काढली. काचेच्या वाडग्यात दोन नावं. कॉर्डिक निघाला. मर्नाने त्याचा हात हातात घेऊन अभिनंदन केलं.

बाहेर आल्यावर तिने विचारलं, तू मंगळवारी आत गेला होतास का? दारापर्यंत गेलो होतो, म्हणालो. मग पुलाचंही सांगितलं. फोटो दाखवला. पन्नास अगदी स्पष्ट दिसतंय.

ती म्हणाली, छान आलाय. आणि ड्वेनच्या ट्रकमध्ये जाऊन बसली.

मी एकटाच परतलो. बावन्न. आजवरचा उच्चांक.

१५ नोव्हेंबर, सकाळ
काचांवर बर्फ. मर्ना माझ्याआधी उठली, कोट घातला, गाडीची चावी घेतली. विचारलं, कुठे निघालीस? म्हणाली, कुठेच नाही.

घरासमोर गाडी सुरू केली, हीटर पूर्ण लावला आणि आत बसून वर्तमानपत्र वाचलं. इंजिन नऊ वाजेपर्यंत चालू होतं.