वैशूनं मारलेला होल

प्रिय मिलिंद,

श्रद्धांजलीच्या सभेत मी तुझ्यावर बोललो, लोक रडले, आणि मला वाटलं आपलं बोलणं संपलं. आज दुपारी मेडशीच्या सभेला निघालो होतो, तर तुझ्या लेकीचा, वैशूचा नागपूरहून फोन आला. सभेला गेलोच नाही. घरात नुसत्या येरझाऱ्या! तुझ्याशिवाय कुणाला लिहू?

पोरगी तुझ्याच कारखान्यात, तुझ्याच कामावर आहे. विमानाच्या पंखाचा भाग: वर कार्बनचे थर, खाली टायटॅनियम, आणि दोन्हींतून आरपार एकच होल. "दादा, कार्बन ड्रिलची धार खाते. बोथट ड्रिल टायटॅनियमात तापते, अन् तिथला गरम चुरा वर येता येता कार्बनले ओरबाडते," असं तू जेवताना सांगायचास. मी पेपर वाचत हूं हूं करायचो.

ड्रिल बदलायची वेळ झाली होती. तरी पोरीनं "अजून एक निघते" म्हणून होल मारला. मग नाणं काढलं. केनवडच्या बाजारात माठ घेताना तू वाजवून ऐकायचास ना, तस्संच तिनं होलाभोवती वाजवलं. एका जागी आवाज बसका आला. थर सुटले होते!

"काका, साहेब म्हनते, बोल्टाच्या डोक्याखाली झाकून जाते, कायले बोंब मारतं? उद्या तपासनी हाय. अन् पुढच्या महिन्यात मी परमनंट होनार..." एवढ्यात साहेब आला म्हणून तिनं फोन ठेवला.

आता काय सांगू तिला? गप्प राहू नका, हे मी आयुष्यभर माइकवर ओरडलो. पण तिच्या पगारावर तुझं घर चालतं. आणि त्या विमानात बसणारी माणसं? त्यांचं काय? असा अर्ध्यात काहून गेलास रे!

संध्याकाळी मीच फोन लावला. "वैशू, सांगून टाक. होईल ते होईल."

ती हसली. "काका, त्या होलावर खराब म्हनून लाल फुली तवाच मारली. साहेबाचं तोंड पाहाले पायजे होतं तुमी! चूक माही हाय, माह्याच तोंडानं सांगन. मी तुमाले इचारत नवती. उद्या तपासनीले सोबत या म्हननार होती, तेवढ्यात साहेब आला."

सोबत! एवढंच हवं होतं, आणि मी दुपारभर स्वतःशीच वाद घालत बसलो.

पहाटेच्या गाडीनं निघतोय. ड्रिल न बदलल्याबद्दल तिला बोलणी बसली, तर मी मान खाली घालून ऐकेन. चूक ती चूकच. पण खरं सांगितलं म्हणून तिला काढलं, तर त्या गेटवर मला माइकही लागणार नाही. शब्द देतो.

तुझा,
दादा