आज बंद

प्रिय ताई,

दुकानाला कुलूप घालून किल्ली खिशात टाकून पळालास, असं तू परवा फोनवर म्हणालीस आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवलास. लहानपणी फोन नव्हता तेव्हा तू दार आपटायचीस, एवढाच फरक. म्हणून लिहितोय. कागदावर तुला मध्येच बोलता येणार नाही. कुलूप मी लावलेलं नाही. दुकान तूच रोज उघडतेस, हे मला माहीत आहे. मी फक्त वेबसाइटवरची एक ओळ बदललेली नाही. पण तुझं म्हणणं, गिऱ्हाईक हल्ली आधी मोबाइल बघतं आणि मग पाय उचलतं. तिथं सगळ्यात वर 'आज बंद' वाचून गणवेश शिवणाऱ्या काकू त्यांच्या सहाही शिलाई मशिनी दुरुस्तीला बाजारातल्या त्या मेकॅनिककडे घेऊन गेल्या. एवढं मोठं काम हातचं गेलं. ते माझ्यामुळे गेलं, कबूल. तरी भांडण आधी पुरं करतो.

मी साइट सुरू केली त्या दिवशी अण्णांना वाटलं, पाटी रंगवून झाली, आता रंग उडेपर्यंत बघायला नको. मी सहावी नापास, हे सगळं इथं शहरात खोलीतल्या जोडीदाराकडून शिकलेलो. मी त्यांना म्हटलं, अण्णा, ही पाटी नाही, मशीन आहे, नुसती ठेवली तर गंजेल. ते म्हणाले, मग तेल घालत जा. तेव्हापासून आमच्यात त्या कामाला तेल घालणं असंच नाव पडलं. तुला वाटतं मी इथं नुसती बटणं दाबतो. अगं, रोज काही ना काही निघतं. फोटो आडवा होतो. सुट्या भागांचे भाव वाढतात, ते बदलायचे. निरोपांत कोणी विचारतं मिक्सर दुरुस्त करता का, कोणी मला लॉटरी लागल्याचं कळवतं. एका बाईंनी विचारलं होतं, सुईत दोरा पटकन कसा ओवायचा. अण्णांनी उत्तर सांगितलं, आधी चष्मा लावा म्हणावं. मी ते जरा गोड करून लिहिलं.

ती वरची ओळ रोज लिहायची, हे अण्णांनीच ठरवलं. पहिल्या दिवशी मी घाईत 'अण्णा चालू आहेत' असं लिहून बसलो आणि तू ते अख्ख्या गल्लीला वाचून दाखवलंस. अण्णा म्हणाले, राहू दे, तुमच्या आईला विचारा, खोटं काय आहे त्यात. मग रोज सकाळी शटर वर केलं की त्यांचा फोन. मी तेव्हा हॉटेलच्या लॉन्ड्रीच्या मागच्या दाराशी उभा असायचो, चादरींच्या वाफेतून नुकताच बाहेर आलेला, अंगाला शर्ट चिकटलेला. ते म्हणायचे, लिही, आज चालू. मी म्हणायचो, लिहिलं. संपलं. कसा आहेस, जेवलास का, घरी कधी येतोस, यातलं एक अक्षर नाही. घरी असताना तर आम्ही एवढंही बोलत नव्हतो. दोघं एका खोलीत बसलो की थोड्या वेळात एक जण घराबाहेर, आणि तो मीच. इथं येऊन मी लॉन्ड्रीआधी दोन नोकऱ्या सोडल्या, पण तो फोन कधी चुकवला नाही. दुसरी नोकरी सोडली त्या सकाळीही म्हणालो, लिहिलं. आवाजावरून त्यांना काहीतरी कळलं असावं, कारण त्यांनी फोन ठेवला नाही. मागे कुठली तरी मशीन खडखडत होती. मग म्हणाले, बरं.

त्या दिवशी मात्र फोन तुझा आला. म्हणालीस, अण्णांना दवाखान्यात आणलंय, बोलवत नाही त्यांना, पण तुला सांग म्हणताहेत, आज बंद लिही. मी लिहिलं. संध्याकाळी तुझा पुन्हा फोन आला, तेव्हा तू काही लिहायला सांगितलं नाहीस. मला सुट्टी मिळाली नाही. तुम्ही तिकडे त्यांना पोचवून आलात, घरभर माणसं, आईजवळ बायका. मी इकडे चादरींच्या घड्या घालत होतो. तुम्ही जे पाहिलं त्यातलं मी काहीच पाहिलं नाही गं.

रोज सकाळी मी त्या दाराशी जातो. साइट उघडतो, लॉटरीवाल्यांना हाकलतो, भाव तपासतो, आणि त्या ओळीपाशी आलो की बोट अडतं. परवा फोन ठेवताना तू म्हणालीस, तुझ्या लेखी अण्णा अजून दवाखान्यातच आहेत का रे? रागानं म्हणालीस. पण ताई, आहेत. आज बंद म्हणजे उद्या उघडणार. म्हणजे माणसाला जरा बरं नाही, इतकंच. त्यांनी मला सांगितलेलं ते शेवटचं काम. ते पुसायला तू आधी एकदा सांगितलंस, तेव्हा मी तुझ्यावरच खेकसलो.

पण मशीनपुढे आता तू बसतेस, आणि तुझं गिऱ्हाईक दारातून परत पाठवतोय मी, हेही खरंच. आई सांगत होती, तुझ्या नखांतला काळा मळ साबणानंही जात नाही, आणि पाहुणे आले की तू हात पदराखाली घेतेस. घेऊ नकोस. आज दुपारी जेवण सोडून मी ती ओळ बदलली. 'आज चालू.' बघ उघडून. तेच सांगायला हे एवढं लांबण लावलं. उद्यापासून ती तू लिहायचीस. पासवर्ड आईला सांगितलाय. तिनं तो कॅलेंडरवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवला असेल, तो आधी खोड. काकूंना जाऊन भेट, म्हणावं चूक आमच्या पोराची होती. लिहिलंस की मला कळवायची गरज नाही, मी बघेनच. फोन कर असं म्हणत नाही. केलास तर त्या दाराशी असतो.

तुझाच,
भिंगऱ्या

ता.क. साइटवरचा अण्णांचा फोटो तिथंच राहील. त्याच्या खाली जागा केली आहे, तिथं तुझा हवा, मशीन उघडून बसलेली. मोबाइलवर काढू नकोस, तुझे डोळे मिटतात. स्टुडिओवाल्याला दुकानातच बोलाव. त्याच्यासाठी पाठवतोय, दोन हजार.