दिपालीच्या लग्नाले जाची जीप

६ एप्रिल, रविवार
दिपालीच्या साखरपुड्याहून आली. दिपाली म्हंजे माह्या लहान्या बहिणीची, बेबीची पोरगी. बेबी दिग्रसले देल्ली हाये. पण दिपाली वाढली माह्याच मांडीवर, बेबी दवाखान्यात होती तवा. मले मोठी म्हन्ते.
पंगतीत बेबी साऱ्या बायांसमोर म्हणे, अक्का आता गाठोडं झाली, कोणी आणलं त येते, कोणी नेलं त जाते. साऱ्या हासल्या. मीही हासली. मंग म्हटलं, "लग्नाले माह्या घरच्या जीपमंधी येईन. जीप नाही आली त मीही नाही येणार."
लग्न सत्तावीसले. टाइम लय हाये.

८ एप्रिल
जीप गोठ्यात उभी हाये, माह्या पोराचा, राजदीपचा बाप गेला तवापासून. त्यानं जन्मभर आर्णी-दिग्रस काळी-पिवळी हाकली. मले त्या जीपमंधी पुढं कधी बसवलं नाही, पुढचं सीट सवारीचं म्हणे. आता बसते मी, पाहो म्हणा वरून.
आत कोंबडी अंड्यावर बसलती. तिले काढली. तिनं मले चोच मारली. घरात माह्यावर चिडणारं एक तोंड वाढलं.
उकंडाले बलावलं. थो राजदीपच्या बापाचा जोडीदार ड्रायव्हर. त्यानं दिवसभर खाटखूट करून इंजिन चालू केलं. धूर निघाला, बाजूच्या धुरपताबाईचे कपडे काळे झाले. गाडी चालते म्हंजे चालते. फक्त लाइट नाहीत, मोठे नाहीत अन् बारकेही नाहीत. उकंडा म्हणे, येतानी अंधार पडते, लाइट नसन त मी स्टेरिंगले हात लावत नाही.
बल्ब त घरात मीच लावते. ह्यात काय मोठं.
सून प्रियंका म्हणे, आई, एसटी जाते न फाट्यावरून, बायांले अर्धं तिकीट हाये. मी म्हटलं, अर्धं तिकीट अर्ध्या बाईले.

१० एप्रिल
आर्णीले घनश्यामच्या दुकानात गेली. गाडीचे बल्ब त्याच्यापाशीच भेटतात. त्याचा कायदा असा, की जुना बल्ब सॅम्पल म्हणून आणा, तसाच नवा देतो. दुसरा कायदा, की बॅटरीले लावून दाखवला का वापस घेत नाही. मी सॅम्पल नेलंच नव्हतं. भाजी घ्याले का जुनं वांगं घेऊन जातो आपण?
आधी बारके पाह्यले, मीटरचे अन् बाजूचे. त्याले म्हटलं, सारे लावून दाखव. एक एक लावत गेला. एक बल्ब असा पेटला का डोये दिपले, पांढराफटक. बाकीचे त्याच्यापुढं मेल्यावाणी. मी म्हटलं, हेच दे, सारे हेच. घनश्याम म्हणे, काकू, हे सहा होल्टचे हाये, जुन्या लुना मोपेडचे, माही बॅटरी बाराची हाये म्हणून असे भडकते, तुमच्या गाडीत टिकत नाही.
समजली मी. चांगला माल दुसऱ्यासाठी ठेवला असन त्यानं. मी हटली नाही.

११ एप्रिल
लावले. काय उजेड बाप्पा. प्रियंकाले हाक मारली. ती हात पुसत येवोस्तर सारे गेले, टिप, टिप, टिप.
जीपच्या वायरी कोंबडीनं खराब केल्या असन.

१४ एप्रिल
जयंती. जीप मिरवणुकीत न्याची होती, निळा झेंडा लावून. नाही नेली, दिवसा लाइट दिसत नाहीत. पायी गेली. धुरपताबाई इचारते, काहून वो, गाडी कुठं हाये? म्हटलं, सर्व्हिसिंगले. तिनं गोठ्याकडं पाह्यलं. मी दुसरीकडं पाह्यलं.

१५ एप्रिल
आता मोठे लाइट. वरची रिंग काढली, आतून काचेचं गोल भांडं निघालं, ताटलीएवढं. त्याच्या आतला बल्ब काढाचा होता. झाकण कुठंच नाही. खूप पाह्यलं. मंग वरवंट्यानं हलकंच ठोकलं.
उकंडा डोकं धरून बसला. म्हणे, भाभी, हे सील बीम हाये, काच, आरसा, तार सारं एकजीव येते, आतलं काही निघत नाही. गेलं का पूर्ण बदला लागते. मी म्हटलं मले माहीत होतं, काच मजबूत हाये का नाही ते पाहून राह्यलती.
मजबूत नव्हती.

१७ एप्रिल
पुन्हा घनश्याम. ह्या वेळेस मी हुशारीनं गेली. भडक पेटते थे लवकर मरते, हे मी आता शिकली हाओ. म्हणून म्हटलं, सील बीम असा दे, का माह्यापेक्षा जास्त जगला पाह्यजे. त्याच्यापाशी मागच्या फळीवर दोन होते, मिल्ट्रीच्या भंगारातले. बॅटरीले लावले त शांत पिवळे पेटले. घनश्याम म्हणे, काकू, हे चोवीस होल्टचे हाये, बारावर अर्धेच जळते. म्हटलं, अर्धे जळते त दुप्पट टिकते. राजदीपचा बापही असाच होता, चोवीसचा माणूस बाराच्या घरात, कधी पुरा पेटलाच नाही. पण टिकला.
दोन्ही घेऊन आली.

१८ एप्रिल
मीटरचा बारका बल्ब अजूनही नव्हता. घनश्यामकडं सारखं सारखं जाणं बरं दिसत नाही. राजदीपच्या वावरातली झटका मशीन आठवली, रानडुकराच्या तारेची. तिच्यावर एक वाटाण्याएवढा लाल बल्ब हाये, मशीन चालू हाये का बंद ते सांगाले. डुकराले त बल्ब पाह्यता येत नाही. मी तो काढून आणला. जीपच्या मीटरमंधी बरोब्बर बसला. ह्याले म्हणतात डोकं.

१९ एप्रिल
राजदीपनं मशीनकडं पाह्यलं, लाल बल्ब पेटलेला दिसला नाही, म्हणून मशीन बंद हाये समजला अन् तारेले हात लावला.
बरा हाये. बोलत नाही माह्यासंग. प्रियंका म्हणे, आई, तुमच्या लग्नाच्या पायी माह्यं लग्न मोडलं असतं. म्हटलं, अवं, तार चालू हाये हे त समजलं.
बल्ब वापस द्या लागला.

२१ एप्रिल
चोवीसचे सील बीम लावून पाह्यले. उकंडानं अंधार पडू देल्ला, मंग बटन दाबलं. म्हणे, भाभी, ह्या उजेडात मले माहे गुडघे दिसत नाही, नाला कसा दिसन?
मले त दिसत होतं सारं. वयानं नजर कमी झाली असन त्याची.
बेबीचा फोन आलता. येतं न अक्का? म्हटलं, जीप चमकून राह्यली. ती हासली. तिचं हासणं मले लहानपणापासून आवडत नाही.

२४ एप्रिल
आज सॅम्पल नेलं. फुटलेलं भांडंच कपड्यात गुंडाळून नेलं. घनश्यामच्या सांगण्यानं नाही, माह्याच मनानं. त्यानं मागचे तीन पाय पाह्यले, बारा होल्ट वाचलं, अन् बोलता बोलता जोडी काढून देल्ली. बारके बल्बही देल्ले. एवढं सोपं होतं त पहिल्या दिवशीच द्याले काय झालतं त्याले?
गिऱ्हाइकानं कडक राह्याले पाह्यजे, मंग दुकानदार सरळ होते.

२६ एप्रिल, संध्याकाळ
लागले. दोन्ही. बारकेही. गोठ्यातून उजेड निघाला त थेट विहाराच्या भिंतीवर पडला. गल्लीतले सारे गोळा झाले. धुरपताबाई म्हणे, बंद कर वो, डोये फुटते. म्हटलं, फुटू दे. जो उशिरा आला त्याले पुन्हा दाखवलं. जेवण झाल्यावरही लोक येतच होते. उकंडा म्हणे, इंजिन बंद हाये, लाइट नका जाळत ठेवू. त्याले म्हटलं, तू उद्याची पॅन्ट इस्त्री कर.
पोरी सावल्या पाडून नाचल्या भिंतीवर. मीही हात वर केला. माही सावली विहारापेक्षा मोठी आलती.

२७ एप्रिल, सकाळ
शालू नेसली. पुढच्या सीटवर बसली. उकंडानं चावी फिरवली. टक. पुन्हा फिरवली. टक.
म्हणे, रात्री बॅटरी पिऊन टाकली लाइटनं.
राजदीप, त्याचे दोस्त, सारे लग्नाच्या कपड्यांत धक्का द्याले लागले. फाट्यापासी उतार हाये, तिथं चालू होईन म्हणे. मी आतून हिंमत देत होती. उतार संपला, गाडी चालू झाली नाही. तेवढ्यात दिग्रसची बस आली. राजदीप म्हणे, आई, चाल. प्रियंकानं हात धरला. मी म्हटलं, तुमी व्हा पुढं, मी मागून येते.
गेले सारे. उकंडा दुसरी बॅटरी पाह्याले आर्णीले गेला. आज रविवार, घनश्यामचं दुकान बंद.

दुपार
जीपमंधीच बसून लिवून राह्यली. दुसरी बस आली. कंडक्टर इचारते, चालता का मावशी? म्हटलं, माही गाडी हाये. समोरच्या हॉटेलात भजे खाणारे सारे माह्याकडं पाह्यत होते. ते नसते त उतरली असती.
दिपालीचा फोन आला. मागून लग्नाच्या वंदनेचा आवाज येत होता.
"मोठे, सुरू होऊन राह्यलं वं. ये न बसनं."
"गाडीचं थोडं काम हाये बेटा. तू हो पुढं."
माईकवाल्यानं नवरीले बलावलं, अन् फोन कटला.
तिसरी बस आली. ह्या कंडक्टरनं इचारलंही नाही.
उकंडा अजून नाही आला. कुठं तरी मांडवात जेवला असन.

संध्याकाळ
एक गोष्ट सुचली. नवरदेव यवतमाळचा, म्हंजे वरातीची गाडी ह्याच रस्त्यानं जाणार. आपण दिग्रसले नाही गेलो त काय, दिपाली इथूनच जाणार. ती आली का मोठे लाइट लावाचे. मंग समजन तिले.
दिवस बुडतानी आली. फुलायनं सजलेली, पांढरी गाडी. मी बटन दाबलं. सील बीमच्या आत तार लाल झाली, ज्वारीच्या दाण्याएवढी, अन् गेली.
आमची जीप अर्धी रस्त्यात उभी होती. वरातीच्या ड्रायव्हरनं डिप्पर मारला, बाजूले घ्या म्हणून. तोंडावर असा उजेड आला का मले काहीच दिसलं नाही. हात मात्र हालवला.
गाडी वळसा घालून गेली.
त्यायचे लाइट चांगले होते. कोणते हायेत, इचाराचं राह्यलं.