भेगांवरचा लेप

वडीगोद्री

तीर्थरूप आईस, अंगदचा वाकून नमस्कार.

मी बरा आहे. डबा दैवशालाअक्काच्या घरून येतो, त्यामुळे जेवणाची काळजी करू नकोस. तुझा गुडघा कसा आहे?

इथे लोखंडाच्या भट्ट्यांची राख पुरायला मोठा खड्डा केला आहे. त्या राखेत शिसं असतं. ते पाण्याबरोबर खाली झिरपू नये म्हणून खड्ड्याला चिकणमातीचा थर दिला आहे. आपल्या घराच्या छतावर, धाब्यावर, तू पांढरी माती चोपतेस, तसाच. पण पाण्याचा टँकर आलाच नाही आणि थर उन्हात तडकला. भेगांत माझं बोट जातं.

मुकादम म्हणाला, "वरून लेप मार. साहेबाला खालचं काय दिसून राह्यलं!"

लेप मारला. पण धाब्याला भेग पडली की तू ती उकरून, भिजवून पुन्हा चोपतेस. नुसत्या लेपानं आपली गळती कधी थांबली होती का?

खड्ड्याच्या उतारालाच अक्काच्या सासरची विहीर आहे. तिला सांगितलं तर हसली. "धाबं गळंल म्हणून खाटंखाली झोपायचास, अजून तसाच भित्रा हायेस!" बोलताना ती बाळाला तेच पाणी पाजत होती.

आई, मला फार भीती वाटते. राख उद्या येणार आहे. त्याआधी साहेब तपासायला आले की मी त्यांच्यासमोर तो लेप कुदळीनं उकरणार आहे.

काम गेलं तर रागावू नकोस. आणि त्या गुडघ्यानं शिडी चढू नकोस. यंदा धाब्यावर माती टाकायला मीच येईन.

तुझा,
अंगद