नव्वदच्या पुढची थरथर

प्रिय रेवा,

माझा फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. आधी मला पोटभर रागावून घेऊ दे. तुझ्यावर नाही.

काल तुझी गाडी दादू मिस्त्रीकडे नेली. विचुंब्यातला आपला दादू, जो एकेकाळी माझ्या सभांचे कर्णे बांधायचा. त्याच्याआधी तीन गॅरेजवाल्यांनी गाडीला हात लावला होता. एकाने चाकांचं बॅलन्सिंग केलं, दुसऱ्याने अलाइनमेंट. तिसऱ्याने ब्रेक पॅड बदलले आणि वर तुलाच ऐकवलं, "मॅडम, तुम्ही स्टिअरिंग घट्ट धरता, म्हणून तुमचे हात थरथरतात." हात थरथरतात! आठवड्यातून तीनदा एकटीने पुण्याला जाऊन येणाऱ्या बाईचे हात! त्या तिघांपैकी एकानेही गाडी सुकापूरच्या गल्ल्यांबाहेर काढली नव्हती. चाळिसाच्या वेगाला ब्रेक दाबायचा, आणि गाडी शहाण्यासारखी थांबली की म्हणायचं, बघा, काही नाही. आणि आमचे सत्यजीतराव! "मी चालवतो तेव्हा तर काहीच होत नाही." जावईबापू गाडी चालवतात कुठे, तर दूध आणायला.

गाडीच्या खणात तुझी वही सापडली. जेमतेम दोन पानं. नव्वदच्या पुढे जोरात ब्रेक दाबला तरच हादरे बसतात, ब्रेक सोडला की बंद. स्टिअरिंग हादरतं, सीट नाही. पायाखाली ब्रेक धक्के देतो. दादूने ती दोनदा वाचली आणि म्हणाला, "भाऊ, पोरीनं सगला लिवलाय. आमाला फक्त चाक खोलाचा बाकी हाय." घरात भिंतभर पुस्तकं वाचून बसलेल्या मला ही दोन पानं वाचायला तीन महिने लागले.

बॅलन्सिंगचा दोष असता तर ब्रेक न लावताही गाडी हादरली असती, एवढं साधं त्या विद्वानांना सुचलं नाही. स्टिअरिंग हादरतं म्हणजे दोष बहुतेक पुढच्या चाकांत. दादूने ती काढली, ब्रेकच्या डिस्कला, म्हणजे चाकामागच्या लोखंडी चकतीला, वाकडेपणा मोजणारं काट्याचं घड्याळ लावलं आणि डिस्क हाताने सावकाश फिरवली. डिस्क सरळ असती तर काटा जागेवर राहिला असता. तो पुढेमागे नाचत होता. वाकड्या डिस्कला पॅडने पकडलं की प्रत्येक फेऱ्याला धक्का. चाळिसाला तो जाणवत नाही, शंभरला अख्खी गाडी बोंब मारते. मी विचारलं, मग तिघांना कळलं कसं नाही? दादू हसला. "चालिसच्या वर चालवलीच नाय, तर कलंल कशी? तुमी तरी कवा बसलात पोरीच्या बाजूला?"

चाळीस वर्षं मी गावोगाव माइकसमोर ओरडत आलो, बाईचं म्हणणं ऐका. मग त्या रविवारी खांदा कॉलनीत, तुमच्या हॉलमध्ये, सत्यजीतराव म्हणाले, "हिला हायवेची भीती बसलीय, पुण्याची नोकरी सोडू दे." सगळे माझ्याकडे बघायला लागले. तूही. तुला वाटलं असेल, आता बाबा कडाडतील. मी म्हणालो, "जीव मोठा की नोकरी?" सभेत टाळी घेणारं वाक्य! तू गाडीची चावी टीपॉयवर ठेवलीस आणि आत निघून गेलीस. तुझा राजीनामा शुक्रवारी जाणार, असं आई सांगत होती.

आता ज्यासाठी पत्र लिहायला बसलो ते. दादूने डिस्कवरचे निळे डाग दाखवले आणि विचारलं, "तापलेल्या डिस्कवर पानी कोनी वतला?" डिसेंबरात एकवीरेहून परतताना घाट उतरल्याबरोबर मीच गाडी थांबवायला लावली होती. घाट उतरला की बैलांच्या खुरांवर पाणी घालायचं ही आपल्या घरची रीत, म्हणून मी ती गाडीच्या चाकांनाही लावली. तू म्हणाली होतीस, "बाबा, ब्रेक तापलेत, थोडं थांबा." मी म्हणालो, "आमच्या बैलांनी कधी तक्रार केली नाही!" सगळे हसले. मी पुढच्या दोन्ही चाकांवर कळशी ओतली. चर्र झालं, वाफ उठली. तापलेलं लोखंड असं एकदम गार पडलं की वाकतं, हे मला काल दादूकडून कळलं. तू एकटी हसली नव्हतीस. दादूने नव्या डिस्क बसवल्यात. महामार्गावर शंभरला त्याने करकचून ब्रेक दाबला, मी शेजारी होतो. गाडी मुकाट, सरळ थांबली. आज संध्याकाळी तुमच्या हॉलमध्ये, त्या रविवारी बसलो होतो त्याच खुर्चीत बसून, सत्यजीतरावांना मी हे सगळं सांगणार आहे, कळशीसकट. चावी या पत्राच्या पाकिटात आहे. राजीनामा द्यायचा की नाही ते तू ठरव. पण द्यायचाच असेल तर तुझ्या कारणाने दे, माझ्या कळशीमुळे नको.

तुझाच, आणि बोलावलंस तर पुण्यापर्यंत तोंड न उघडता शेजारी बसणारा,
बाबा