डाव्या हाताची तर्जनी

आई,

पप्पांच्या बोटावर आज शाई आहे आणि माझ्या नाही. दुपारची वेळ आहे, ते आत झोपलेत आणि मी स्वयंपाकघरात तुझ्या खुर्चीवर बसले आहे. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी तुला कधी काही लिहिलं नाही. जी व्यक्ती वाचणार नाही तिला लिहिणं मला पटत नाही, आणि न पटणाऱ्या गोष्टी मी सहसा करत नाही. पण चार दिवसांपूर्वी पप्पांनी मला एक प्रश्न विचारला. त्याचं उत्तर तेव्हा ‘नाही’ होतं. ते ‘हो’ करायचं असेल तर हे लिहिण्याशिवाय मला दुसरा मार्ग दिसत नाही.

मी आता ऑस्ट्रेलियात असते, समुद्रापासून खूप आतल्या भागात. तिथं नदीकाठच्या एका लहान गावात द्राक्षबागांना पाणी देणाऱ्या यंत्रणा बसवते. जमिनीतला ओलावा मोजायचा आणि त्यावरून झडपा आपोआप उघडायच्या-मिटायच्या, असं काम. निफाडला तुझ्या शाळेच्या मागे बागा होत्या तशाच तिथंही आहेत, फक्त ओळीचं दुसरं टोक दिसत नाही. मागच्या वर्षी मी तिथलं नागरिकत्व घेतलं. घेतलं म्हणजे इथलं सोडलं, दोन्ही एकत्र ठेवता येत नाहीत. पप्पांना हे मी सांगितलं नव्हतं. फोनवर ते विचारायचे, “कागदपत्रांचं कुठवर आलं?” मी म्हणायचे, “चालू आहे.” पुढे ते झालं, तरी मी “चालू आहे” म्हणत राहिले.

या खेपेला सुट्टीवर आले तर नाशिकमध्ये महापालिकेची निवडणूक. इंदिरानगरमध्ये सकाळपासून रिक्षावरचे भोंगे फिरत होते. पप्पांनी फ्रिजवर चुंबकाखाली दोन मतदार चिठ्ठ्या लावून ठेवल्या होत्या, एक त्यांची, एक माझी. “एकाच खोलीत आलंय दोघांचं,” ते म्हणाले. “सकाळीच उरकून टाकू. नंतर ऊन लागतं.” त्यांच्या आवाजात इतका साधा आनंद होता की मी पाणी प्यायला वळले. मला त्यांना सांगायचं होतं की मी तुमच्यासोबत रांगेत उभी राहू शकत नाही, माझं मत आता इथं चालत नाही. आणि हे ऐकून आपली मुलगी कायमची गेली असं त्यांना वाटायला नको होतं. या दोन गोष्टी काही केल्या एका वाक्यात बसेनात. म्हणून मी बाजूनं सुरुवात केली. त्यांनी चहा ठेवला होता, आलं किसत होते. मी म्हणाले, “आमच्याकडे पण मध्ये निवडणूक झाली. खासदारकीची, पोटनिवडणूक.”

“अरे, मग कोण गेलं?”

“कोणी नाही. आधीच्या खासदारांनी मुदत संपायच्या आत राजीनामा दिला.”

“स्वतःहून? काय पकडलं बिकडलं का?”

“नाही. घरच्यांना वेळ द्यायचाय म्हणाले.”

पप्पा किसणी हातात धरून हसायला लागले. “घरच्यांना वेळ! आपल्याकडे घरच्यांना तिकीट देतात.” मग त्यांना सगळंच ऐकायचं होतं. मी सांगितलं की तो मतदारसंघ एवढा मोठा आहे की आपले कितीतरी नाशिक जिल्हे त्यात मावतील, आणि माणसं मात्र थोडी. सगळी निवडणूक नदीच्या पाण्यावर आणि दवाखान्यात डॉक्टर टिकत नाहीत यावर चालली होती. वरच्या अंगाला पाणी किती उचलायचं, खाली बागांना किती उरायचं. “म्हणजे निफाडच की,” पप्पा म्हणाले. मतदान शनिवारी होतं. मत दिलं नाही तर दंड होतो, हे ऐकून त्यांनी कान पकडले. गावातल्या सभागृहाच्या दाराशी बायका केक विकत होत्या आणि एक आजोबा तव्यावर कांदा परतून पावात घालून देत होते, शाळेच्या मदतीसाठी. विरुद्ध उमेदवारांची माणसं एकाच छत्रीखाली उभी होती आणि एकमेकांच्या थर्मासातला चहा पीत होती.

“आम्हाला इथं चार मतं आहेत, चार नगरसेवक,” पप्पा म्हणाले. “तुमच्या त्या लोकांना किती?”

“एकच. पण नुसती खूण करून भागत नाही. जेवढे उमेदवार तेवढे क्रमांक द्यायचे. पहिला, दुसरा, तिसरा. पहिला हरला तर मत दुसऱ्याकडे जातं.”

“आणि जो अजिबात नको, त्याला?”

“त्याला शेवटचा.”

“पण द्यायचाच?”

“द्यायचाच. नाहीतर मत बाद.”

“हे अवघड आहे बुवा,” ते म्हणाले. “ओळखपत्र कुठलं चालतं?”

मी म्हणाले, विचारतच नाहीत. नाव काय, राहता कुठं, आणि या निवडणुकीत आधी मत दिलंय का, एवढंच विचारतात. नाही म्हटलं की रूळ ठेवून यादीतल्या नावावर रेघ मारतात आणि कागद हातात देतात. “आणि शाई?” नसते. पप्पांनी मान हलवली. “बाईंना चाललं नसतं.” अजूनही ते तुला बाईच म्हणतात, आई. शाळेतली मुलं म्हणायची म्हणून चिडवायला सुरू केलेलं, ते तसंच राहिलं. ते हसत होते म्हणून मीही मोकळेपणानं सांगून टाकलं, “मी तर सवयीनं बोट पुढे केलं. टेबलावरच्या बाईंना कळेना हिला काय हवंय.”

पप्पांचा हात थांबला. चहा वर आला होता, त्यांनी गॅस बारीक केला.

“पण तुझं बोट तिथं काय करत होतं?”

त्यांना कळलं होतं. त्यांनी चहा गाळला, दोन्ही कपांत सारखा आहे का ते वाकून पाहिलं, माझा कप माझ्यासमोर ठेवला. फ्रिजकडे एकदा बघितलं. मला वाटलं, आता विचारतील, केव्हा केलंस, का सांगितलं नाहीस. ते म्हणाले, “बाईंना कळवलंस का?”

“नाही.”

“मग आधी त्यांना कळव. या घरात निवडणुकीचं खातं त्यांच्याकडे आहे.”

तुझं खातं. मला आठवतं, मी तिसरी-चौथीत असेन. निवडणुकीच्या ड्यूटीवर तू आदल्या दिवशी मतदान यंत्राची पेटी मांडीवर घेऊन एसटीत बसून कुठल्या तरी लांबच्या गावाला जायचीस. सोबत चिवडा, टॉवेल, डासांची अगरबत्ती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी उठते तर तू ओट्याशी उभी, कणीक मळते आहेस, आणि तुझ्या उजव्या हाताच्या दोन बोटांना जांभळे-काळे डाग. सील करताना बसलेला लाखेचा चटका अंगठ्याला. मी विचारते, “शाई काळी का होते?” तू मला खिडकीत नेतेस आणि म्हणतेस, “उन्हाचं काम आहे ते. सावलीत जांभळी, उन्हात काळी.” त्यात चांदीचा क्षार असतो हे मी पुढे शिकले. पण उन्हात हात धरून बघायचं, मग विश्वास ठेवायचा, हे त्या खिडकीतलं. दुसऱ्या एका निवडणुकीत मी बॉलपेननं डाव्या तर्जनीवर रेघ काढून शाळेत मिरवले होते. तू मला मारलं नाहीस. मोरीत नेलंस, लिंबाची फोड घेऊन रेघ जाईपर्यंत घासलीस आणि एवढंच म्हणालीस, “ही खूण आधी मिळवायची असते.” त्याच दिवशी मी तुला विचारलं होतं, तू कोणाला मत दिलंस. तू म्हणालीस, “मी तुला कधी विचारणार नाही. तूही विचारायचं नाहीस.” लोक म्हणतात मी मनातलं सांगत नाही. मला वाटतं तो नियम मी मतदानापुरताच ठेवायला हवा होता.

मग मी अठरा वर्षं पूर्ण केली आणि पहिली निवडणूक आली, तेव्हा तू आजारी होतीस. आजारपणामुळे तुला त्या वर्षी ड्यूटी नव्हती. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तू टेबलाच्या अलीकडच्या बाजूला, माझ्यापुढे, डोक्याला सुती ओढणी गुंडाळून उभी होतीस. कोणीतरी म्हणालं, “बाई, तुम्ही पुढे व्हा ना.” तू म्हणालीस, “का? मी काय मंत्री आहे?” आणि भिंतीला टेकून उभी राहिलीस. आत शाई लावणारे एक तरुण सर होते. त्यांनी तुझ्या नखावर नुसता ठिपका दिला. तू हात मागे घेतला नाहीस. “अहो सर, अशी नाही. नखाच्या मुळापासून खाली कातडीवर उतरली पाहिजे. कातडीवरची लवकर जाते, पण मुळाशी बसलेली नखात टिकते. पुन्हा लावा.” मागची रांग हसली. सरांनी पुन्हा लावली. मग माझी तर्जनी पुढे आली तेव्हा ते तुझ्याकडे बघून विचारतात, “आता बरोबर ना बाई?” आणि तू माझं बोट नीट निरखून मान डोलावतेस. बाहेर आल्यावर तू आपल्या दोघींची बोटं शेजारी शेजारी धरून बघितलीस.

तू गेलीस तेव्हा ती शाई तुझ्या बोटावर अजून होती. कातडीवरची पुसली होती, नखातली वर सरकली होती. तुझा हात माझ्या हातात होता, म्हणून मला दिसलं. माझी रेघ तुझ्यापेक्षा पुढे गेलेली होती. आजारात नखं हळू वाढतात, हे मी नंतर वाचलं. माझी पुढे जात राहिली. ते नख मी शक्य होतं तितके दिवस कापलं नाही.

आज सकाळी पप्पांबरोबर शाळेपर्यंत चालत गेले. पोटनिवडणुकीची गोष्ट त्या दिवसानंतर पुन्हा निघाली नव्हती, आणि मी त्यांच्या चेहऱ्यावरून काही वाचायचा प्रयत्न करून दमले होते. केंद्राच्या अलीकडे रस्त्याच्या कडेला टेबलं मांडून पक्षांचे कार्यकर्ते बसले होते. त्यातला एक ओळखीचा, जोरात म्हणाला, “या काका! ताई कधी आल्या? ताई, नाव सांगा, यादीत नंबर काढून देतो.” मी थांबले. मला माझं नाव सांगता येईना. पप्पा म्हणाले, “तिचं मत तिकडं आहे. देऊन झालंय तिचं.”

“तिकडं? ऑस्ट्रेलियात?”

“हो. तिथं सगळ्या उमेदवारांना नंबर द्यावे लागतात. आपल्यासारखं बटण दाबलं आणि सुटलं, असं नाही.” आणि मग त्या माणसाला त्यांनी पूर्ण पद्धत समजावली, पहिला हरला तर मत दुसऱ्याकडे कसं जातं ते, हातवारे करून. दुसऱ्या पसंतीचं थोडं चुकलं त्यांचं. मी दुरुस्त केलं नाही. रांगेत जाता जाता ते वळून मला म्हणाले, “आणि आम्हाला कितवा नंबर दिला?”

“मतदान गुप्त असतं,” मी म्हणाले.

“बाईंवरच गेलीस,” ते म्हणाले आणि आत गेले.

परत आले तेव्हा बोट वर धरलेलं. आता बाटली आणि काडी नसते, मार्कर असतो. पण त्यांची रेघ नखाच्या मुळापासून कातडीवर चांगली उतरलेली होती. “पुन्हा लावायला लावली,” ते म्हणाले. घरी आल्यावर त्यांनी आपली चिठ्ठी फाडून टाकली. माझी फ्रिजवर तशीच आहे. यादीतून माझं नाव काढायचा अर्ज मी जायच्या आधी देणार आहे. ते म्हणाले, देच, बाईंनी असलं नाव यादीत राहू दिलं नसतं. पण चिठ्ठीला ना त्यांनी हात लावला ना मी.

तर कळवते आहे, आई. मी तिथली झाले. माझं मत तिथं आहे आणि ते मी नीट वाचून, विचार करून दिलं. पहिला क्रमांक सोपा होता, शेवटच्याला फार वेळ लागला. हे कागद मी घडी घालून माझ्या सामानात ठेवीन, फोटोपुढे वगैरे ठेवणार नाही. पप्पांनी विचारलं तर सांगेन, कळवलं.

एक दुरुस्ती राहिली. मी सवयीनं बोट पुढे केलं, असं पप्पांना सांगितलं. पण मी इथं आयुष्यात एकदाच मत दिलं होतं, तुझ्या मागे उभी राहून. एका वेळेची सवय होत नाही. आणि मतदानाला जाण्याआधी मी तिथले सगळे नियम वाचले होते, शाई नसते हे मला पक्कं ठाऊक होतं. टेबलामागे एक म्हाताऱ्या बाई होत्या, बारीक, चष्मा नाकावर घसरलेला, हातात रूळ. त्यांनी माझ्या नावावर रेघ मारली आणि मी डावा हात पुढे धरला. त्या गोंधळल्या. मग त्यांनी रूळ खाली ठेवला, माझी बोटं आपल्या हातात घेतली आणि म्हणाल्या, “पहिल्यांदाच का गं?” मी हो म्हणाले. माझ्या मागे रांग होती, तरी मी हात लगेच काढून घेतला नाही.